खिशातले किटकॅट

किटकॅट म्हटले की हल्लीच्या मुलांच्या तोंडाला पाणी सुटते. विहिरीवर मोटर असलेल्या घरात वाढलेल्या आमच्या पिढीला मात्र त्या शब्दाने चॉकलेट आठवत नाही. आमचे किटकॅट चिनी मातीचे. पांढरे, मुठीत मावणारे, आतल्या बाजूला तांब्याच्या दोन जिभा आणि त्या जिभांमध्ये ताणून बसवलेली फ्यूजची तार. बोर्डावरच्या खाचेत दाबून बसवले की वीज पुढे गेली, ओढून काढले की अडली. थ्री फेजच्या मोटरीला अशी तीन लागत. खेड्यातल्या कोणत्याही जुन्या वायरमनला विचारा. खांबावर चढण्यापूर्वी डीपीतली किटकॅटे काढून स्वतःच्या खिशात घालणारा वायरमन सुखाने पेन्शन खातो; आणि ती डीपीच्या पेटीतच ठेवून चढणारा... जाऊ द्या. सणासुदीच्या अंकात अभद्र बोलू नये.

गेल्या दिवाळीत अशाच एका किटकॅटाने आमच्या घरी पुन्हा एकदा तोंड वर काढले. तेही विहिरीवर नव्हे, ओसरीवर.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे पारनेर आता परके राहिलेले नाही. नगर जिल्ह्यातला पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारा तालुका आणि सेनापती बापटांचे जन्मगाव, एवढी ओळख नव्या वाचकांना पुरे. १८८० साली इथे जन्मलेले बापट शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले, आणि १९०८ साली परतले ते बाँब कसा करतात याची माहितीपुस्तिका घेऊन. तेव्हापासून परगावी इंजिनिअरिंग शिकायला गेलेला मुलगा सुट्टीत घरी काय घेऊन येईल, याचा भरवसा पारनेरकरांनी सोडला आहे म्हणा ना!

माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, नातू पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वसुबारसेच्या संध्याकाळी तो एसटीतून उतरला तो काखेत भलीमोठी पेटी घेऊन. वहिनींना वाटले, पोराने पुण्याची मिठाई आणली. पेटी उघडली तर आत एक चपटे, चार बोटे उंचीचे, दोन चाकांचे यंत्र. पुढच्या अंगाला पोलादाची दातेरी चकती. अंग पांढऱ्या जाड प्लास्टिकचे. भाजी चिरायच्या पाटापासून कापलेले, असे त्यानेच अभिमानाने सांगितले.

"तात्या, हा माझा रोबो. लढाऊ आहे. डिसेंबरात स्पर्धेला उतरवणार."

यंत्रमानव म्हणतात तो हाच काय, असे मी विचारले. मानव म्हणावे असे त्यात काही दिसेना. वजन तीन पौंड, म्हणजे १.३६ किलो. या वजनगटाला बीटलवेट म्हणतात, असे कळल्यावर वहिनींनी त्याचे तिथल्या तिथे बारसे उरकले. भुंगा.

हा खेळ काही कालचा नव्हे. अमेरिकेत डेन्व्हरला १९८७ साली काही हौशी मंडळींनी अशी यंत्रे एकमेकांवर सोडली. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोला मार्क थॉर्प नावाच्या गृहस्थाने 'रोबो वॉर्स' भरवले. १९९८ पासून बीबीसीने ते घरोघरी दाखवले. त्याच साली पवईच्या आयआयटीत टेकफेस्ट नावाचा विद्यार्थ्यांचा मेळा सुरू झाला आणि पुढे त्यातही यंत्रांचे हे कुस्तीचे फड रंगू लागले. आपल्याकडे बोकडांच्या, कोंबड्यांच्या झुंजी लावीत. त्यापेक्षा हे बरे. इथे रक्त निघत नाही.

निघत नाही असे मी म्हटले खरे. पण तेहतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. चकतीचे वजन तीनशे ग्रॅम, त्रिज्या सहा सेंटीमीटर, फेरे मिनिटाला आठ हजार. गणित केले. चकतीच्या कडेचा वेग ताशी १८० किलोमीटर निघाला. तिच्यात साठलेली ऊर्जा १९० ज्यूल. ज्यूल म्हणजे काय ते विसरलेल्या वाचकांसाठी सांगतो: एक किलोचा दगड सहा मजल्यांवरून डोक्यात पडावा, तितकी. भुंगा कसला, गांधीलमाशी!

धनत्रयोदशीच्या सकाळी तो ओसरीवर भुंग्याचे झाकण लावीत बसला होता. झाकणाला चार स्क्रू. बॅटरी आत, आणि तिची जोडणीही आतच. म्हणजे आधी बॅटरी जोडायची, यंत्र जागे करायचे आणि मग त्या जाग्या यंत्राला पाटावर ठेवून चार स्क्रू पिळायचे. बंद करायचे झाल्यास हाच उद्योग उलट्या क्रमाने.

"अरे, याला बटण नाही?"

"तात्या, लिंक लावायची आहे. स्पर्धेत सक्तीच असते. ती शेवटी लावीन. आधी चालतोय तर बघू."

चौथा स्क्रू पिळून त्याने हात उचलला आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवण्यासाठी मान वळवली. तेवढ्यात त्याची चार वर्षांची चुलत बहीण मागून आली. शेजारी पडलेला रिमोट तिने खेळणे म्हणून उचलला आणि त्याची दांडी वर ढकलली.

भुंगा किंचाळला. दुसरा शब्द नाही. पाटावरून उसळून त्याने पाटाचीच कड खाल्ली. लाकडाची एक ढलपी सणसणत गेली आणि चकलीच्या डब्यावर टण्णकन आदळली. पोराने झडप घालून रिमोट हिसकला, दांडी खाली ओढली. चकती हळूहळू थांबली. पोरगी भोकाड पसरून रडू लागली. कोणाला काही झाले नव्हते. पण ज्या पाटावर अर्ध्या क्षणापूर्वी पोराची बोटे होती, तिथे आता वीतभर खाच होती.

सगळे एकदम बोलू लागले. वहिनी पोराला रागावल्या, पोराची आई पोरीला रागावली. दादा तेवढा आपल्या बाजेवर गप्प बसून होता. तो एरवीही फारसे बोलत नाही. गलका ओसरल्यावर तो म्हणाला,

"ह्याचं किटकॅट कुठंय?"

नातू गोंधळला. "आजोबा, आत्ता चॉकलेट?"

दादाने उत्तर दिले नाही. उजवा हात उचलून त्याने फक्त पाटावरची खाच चाचपली. दादाच्या उजव्या हाताला अनामिका आणि करंगळी नाहीत. आमच्या घरातली मुले तो हात बघतच मोठी झाली. 'आजोबांची बोटं मोटरीत गेली' हे वाक्य त्यांना पाढ्यासारखे पाठ आहे. मोटरीत ती कशी गेली, हे मात्र घरात कोणाला माहीत नव्हते. म्हणजे मला होते. आणि दादाला कितपत माहीत आहे, हे मला माहीत नव्हते.

दुष्काळातली गोष्ट आहे. १९७२ साली पाऊस गेला आणि १९७३ चा उन्हाळा आला, तो ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे वर्णन नको. आमच्या मळ्यातल्या विहिरीचे पाणी तळाला गेले. पाणी खाली जाईल तशी मोटर खाली घ्यावी लागे. पाच परस खोल, विहिरीच्या पोटातच खडकावर तिला बसवली होती. स्टार्टर आणि किटकॅटे वर, खोपीत. झऱ्याने रात्रभर साठलेले पाणी दिवसातून अर्धा तास उपसायचे, त्यावर माणसे आणि जनावरे.

स्टार्टरमध्ये एक गुंडाळी असते, नो-व्होल्ट कॉइल म्हणतात तिला. वीज गेली की ती खटका सोडून देते. त्यामुळे वीज परत आली तरी मोटर आपसूक सुरू होत नाही, कोणीतरी बटण दाबावे लागते. करणाऱ्याने ते माणसाच्या जिवासाठीच केलेले असते. पण वीज केव्हा यायची याचा नेम नव्हता, म्हणून आम्ही हिरव्या बटणात बाभळीची ढलपी ठोकून ते कायमचे दाबून ठेवले होते. मेन स्विचचा दांडा तर केव्हाच मोडला होता. राहता राहिली किटकॅटे.

त्या दुपारी पंपाच्या ग्लँडमधून पाणी गळत होते. दादाने तिन्ही किटकॅटे काढली, खोपीच्या कोनाड्यात ठेवली आणि ग्लँडची दोरी बदलायला तो विहिरीत उतरला. मी नगरच्या कॉलेजातून नुकताच आलो होतो. फिजिक्सचा विद्यार्थी! आई म्हणाली, जनावरं सकाळपासून तहानलीत, बघ मोटर का चालेना. मी खोपीत गेलो. कोनाड्यात किटकॅटे दिसली. तारा शाबूत होत्या. वाटले, दादाने तारा घालून ठेवल्या आणि बसवायच्या राहिल्या. विहिरीत डोकावावे असे मनात आले नाही. पहिले बसवले. दुसरे बसवले, तशी खालून मोटरीची गुरगुर ऐकू आली. दोनच फेज मिळालेली मोटर जागची हलत नाही, नुसती गुरगुरते, हे पुस्तकात होते. मी ते परीक्षेत लिहिलेही होते. तिसरे दाबले.

दादाचा हात कपलिंगजवळ होता.

नगरच्या इस्पितळात जाईपर्यंत सगळे म्हणत होते, लाईट अचानक आली. मी म्हटले नाही की ती मी आणली. त्या दिवशी म्हटले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही म्हणता आले नाही. पन्नास वर्षे अशीच गेली.

असो. धनत्रयोदशीच्या रात्री नातवाने मला स्पर्धांचे नियम वाचून दाखवले. ब्रिटनमधल्या झुंजारू यंत्रांच्या संघटनेचा नियम मला फार आवडला. यंत्राच्या चाकांचा आणि हत्याराचा सगळा प्रवाह एका सुट्या दुव्यातून गेला पाहिजे. हा दुवा हातासरशी, अवजारांशिवाय निघाला पाहिजे. तो हत्यारापासून आणि चाकांपासून लांब, डोळ्यांना दिसेल अशा जागी हवा. आणि आखाड्याबाहेर, पंचांच्या देखरेखीशिवाय, तो यंत्रात असताच कामा नये.

"पण तात्या, साधा स्विच का चालत नाही?" त्याने विचारले. प्रश्न चांगला होता. स्विच हादऱ्याने उडतो. मोठा प्रवाह खेळला की त्याच्या आतली टोके वितळून एकमेकांना चिकटू शकतात. मग वरून बटण 'बंद' दाखवते आणि आत वीज चालूच. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, स्विच यंत्रावर असतो. तू पाठ फिरवलीस की तो दुसरा कोणीही दाबू शकतो. सुटा दुवा तुझ्या खिशात असतो. स्विच बंद आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. दुवा खिशात आहे हे हाताला लागते.

ही युक्ती जगभर निरनिराळ्या वेषांत वावरते. लहानपणी नगर-दौंडच्या एकेरी रुळांवर स्टेशनमास्तर आगगाडीच्या ड्रायव्हरला वेताच्या कड्यात अडकवलेला टोकन देताना मी पाहिला आहे. पुढच्या टापूचा टोकन ड्रायव्हरच्या हातात असला तरच गाडी त्या टापूत शिरणार. एका वेळी टोकन एकच बाहेर निघतो, म्हणून समोरून दुसरी गाडी येण्याचा धोका नाही. अमेरिकेने १९८९ साली कारखान्यांसाठी कायदेशीर नियमच केला: यंत्राच्या दुरुस्तीला हात घालणाऱ्या प्रत्येकाने वीज तोडून तिथे आपले स्वतःचे कुलूप लावायचे. पाच जण काम करीत असतील तर पाच कुलुपे. ज्याने लावले त्यानेच काढायचे. आमच्या वायरमनला हा कायदा कोणी शिकवला नव्हता, त्याला फक्त खिसा होता.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान, फराळ आटोपून आम्ही दोघे बाजारपेठेतल्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात गेलो. दुकान सणाचे अर्धेच उघडे होते. मालक माझा जुना विद्यार्थी. त्याने चष्मा सारून भुंगा उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, "सर, हा तर नुसता जंपर! दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांच्या कामाला दुपार झाली. कसे ते सांगतो, कारण घरोघरी इंजिनिअर झालेली मुले आहेत आणि कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

बॅटरीतून निघणारी लाल तार कुठे कापायची, हा पहिला प्रश्न. पोराने ती चकतीच्या मोटरीच्या फाट्यावर कापायला घेतली होती. मग चाकांचे काय? फाटे फुटण्याआधी, बॅटरीला अगदी लागून कापली, म्हणजे पुढचे सगळे एकदम मेले. कापलेली दोन्ही टोके एका पिवळ्या, बोटाच्या पेराएवढ्या जोडाला डाखली. एक्सटी-६० असे त्याचे नाव. साठ अँपिअरपर्यंत सोसतो. यंत्राच्या अंगावर त्याची भोकांची बाजू घ्यायची, टोकांची नाही. टोके उघडी राहिली आणि त्यांवर एखादा लोखंडाचा कीस आडवा पडला, तर दुवा नसतानाही भुंगा जागा होईल. टोकांची बाजू सुट्या तुकड्याला. त्या तुकड्याच्या पाठीवर जाड तारेचा इवलासा फास, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. झाले किटकॅट!

पहिला डाख कच्चा बसला. वरून भुरकट, दाणेदार दिसत होता; मालकाने पकडीने ओढताच तार हातात आली. पोर म्हणाले, चालेल हो, टेप लावू. मी पुन्हा पेन्सिल काढली. लढताना ४० अँपिअर प्रवाह गेला आणि त्या कच्च्या जोडाचा रोध अवघा पाच मिलिओहम धरला, तरी तिथे आठ वॅट उष्णता निघते. बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये आठ वॅट! जोड मऊ पडेल, टोके वाकडी होतील आणि नेमका नको त्या वेळी दुवा अडकून बसेल. डाखायचे मोठे लोखंड तापवून पुन्हा डाख दिला. डाखताना जोडाच्या दोन्ही बाजू एकमेकींत बसवून ठेवायच्या, म्हणजे प्लास्टिक तापले तरी टोके सरळ राहतात. ही त्या मालकाची शिकवण. अर्थात त्या वेळी बॅटरी शेजारच्या टेबलावर होती.

मग जागेचा प्रश्न. पोराला तो वर, झाकणाच्या मधोमध हवा होता, दिसायला छान म्हणून. पण वरचा भाग म्हणजे शत्रूच्या चकतीला आयते ताट. खाली लावला, तर यंत्र सरळ असताना हात पोहोचणार नाही. शेवटी मागच्या भिंतीत खोबणी करून आत बसवला. यंत्र सुलटे असो वा पालथे, मागून हात घातला की तो सापडतो आणि हाताच्या वाटेत चकती येत नाही.

घरी आल्यावर दादाने तो हातात घेऊन पाहिला. बराच वेळ काढघाल केली. त्याच्या तीन बोटांनाही तो निघत होता. मग म्हणाला,

"लांबनं दिसत न्हाई. आत उतरलेल्याला वरचं दिसत नसतं. वरच्याला तरी दिसाय पाहिजे."

वहिनींनी फराळाच्या डब्याची लाल फीत दिली. फासाला फितीचे शेपूट बांधले. फीत दिसली, म्हणजे दुवा आत आहे आणि भुंगा जागा आहे. फीत नाही, भुंगा झोपला.

एक खोड तरी राहिलीच. लाकडी हातोडीने यंत्र ठोकून पाहिले, तर दर दहा-वीस ठोक्यांना दुवा केसभर बाहेर सरके. लढाईत निसटला तर भुंगा मधेच मुका. त्यावर चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे पुन्हा स्टार्टरमध्ये ढलपी ठोकणे. काढायच्या वेळी नख लागायचे नाही. शेवटी खोबणीच्या तोंडावर बुटाला असते तशी चरचर सुटणारी पट्टी आडवी लावली. हादऱ्याने सुटत नाही, हाताने ओढली की सुटते.

एवढे करूनही दुवा म्हणजे देव नव्हे, हे पोराकडून मी लिहून घेतले. दुवा काढला तरी फिरती चकती लगेच थांबत नाही; ती आपल्या वेगाने फिरतच राहते. म्हणून आधी ती थांबू द्यायची, मग तिला अडसर घालायचा आणि मग दुवा काढायचा. चालू करताना अडसर चकतीत असताना रिमोट आधी, दुवा नंतर, अडसर काढणे सर्वांत शेवटी. रिमोटचा आवाका सुटला तर यंत्राने आपणहून गप्प व्हावे, ही सोयही तपासायची. शिवाय दुवा बॅटरीला बाहेरून अडवतो, तिच्या पोटातल्या आगीला नाही. ही लिथियमची बॅटरी फुटली की पेटते. जवळ वाळूची बादली हवीच.

पाडव्याला सकाळी भुंग्याची परीक्षा झाली. आखाडा म्हणून आमचा सिमेंटचा हौद. कमरेएवढ्या उंच भिंतींचा आणि पारनेरच्या रिवाजाप्रमाणे कोरडा. वर जाड फळ्या टाकल्या, बघायला एक फट ठेवली. प्रतिस्पर्धी म्हणून जर्मनचे एक फुटके पातेले. पातेल्याची गत काय झाली ते विचारू नका. दोन मिनिटांनी पोराने दांडी खाली घेतली. चकती थांबली. फळ्या काढल्या. हौदात उतरून त्याने अडसर घातला, मागून लाल फीत ओढली आणि दुवा दादाच्या हातात दिला. दादाने तो काही न बोलता बंडीच्या खिशात टाकला.

मुले पातेले मिरवीत घरात गेली. हौदाच्या काठावर आम्ही दोघेच म्हातारे उरलो. माझ्या तोंडून आपोआप निघाले,

"दादा, त्या दिवशी किटकॅटं मी बसवली होती."

तो हौदाकडे बघत होता.

"तीन किटकॅटं आपोआप बसत न्हाईत, बाळ."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"काढली मी होती. लाईट कशी येईल?"

"मग बोलला का नाहीस कधी?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. मग तू मास्तर झालास. मग राहूनच गेलं." थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "दांडा मोडका ठिवला मी. ढलपी ठोकली मी. खिशात घालायची ती कोनाड्यात ठिवली मीच. तुझं त्यात एकच."

मी काही बोललो नाही. पन्नास वर्षांचे ओझे असे उतरते, तेव्हा हलके वाटते म्हणतात. मला तसे वाटले नाही. फक्त, विहिरीत डोकावायला हवे होते, एवढेच पुन्हा वाटले. पण ते आता दोघांच्या मध्ये होते, माझ्या एकट्याच्या छातीवर नव्हते. दादाने तीन बोटांचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि आम्ही ऊन वर येईपर्यंत तिथेच बसलो.

डिसेंबरात भुंगा स्पर्धेत उतरला. पहिली कुस्ती जिंकला, दुसरी हरला. प्रतिस्पर्ध्याने त्याला पालथा घालून त्याचे एक चाक उडवले. पोराने फोनवर सांगितले, यंत्रातून धूर येत होता, पण मागून हात घातला आणि फीत ओढली, एका क्षणात. हरल्याचे त्याला दुःख होतेच. मला मात्र या हरण्यात पेढे वाटावेसे वाटले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचे तेवढे सांगायचे राहिले. पोराची निघण्याची गडबड. पेटी भरली, भुंगा गुंडाळला, आणि दुवा सापडेना. सगळे घर उलथेपालथे केले. एसटीची वेळ झाली. शेवटी दादाने बाजेवरून उठून बंडीच्या खिशात हात घातला.

"आजोबा! तुमच्याकडेच होता? सांगायचं ना!"

"तू काल रातच्याला आत बोटं घालून बसला होतास," दादा म्हणाला. "ज्याचा हात आत, त्याच्या खिशात दुवा पाहिजे. तुझ्या अंगात खिसा नव्हता. म्हणून माझ्या."